जुनी सेव्ह फाइल उघडत नाही: ऑब्जेक्ट सीरियलायझेशनमधील वारंवार उद्भवणाऱ्या अडचणींचे निवारण

ही तक्रार बहुधा एकाच स्वरूपात येते. गेम लिहिणाऱ्याच्या संगणकावर सेव्ह आणि लोड दोन्ही व्यवस्थित चालतात. नवी आवृत्ती खेळाडूंच्या हाती गेली की मात्र जुन्या फाइली उघडेनाशा होतात, किंवा उघडतात पण खेळाडू नकाशाच्या कोपऱ्यात, रिकाम्या हातांनी आणि शून्य शक्तीनिशी उभा असतो. एक एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना उद्भवणारी चूक) मिटवले की पुढच्या आवृत्तीत दुसरे डोके वर काढते. सीरियलायझेशनने, म्हणजे मेमरीतील ऑब्जेक्ट साठवता येतील अशा बाइटमध्ये बदलण्याच्या क्रियेने, फाइलीत उतरते ती प्रोग्रॅमची त्या दिवशीची अंतर्गत रचना, आणि गेमची स्थिती तिच्या ओघात साठवली जाते इतकेच. रचना बदलणे हे तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे रोजचे काम असल्याने हा दोष एकदा दुरुस्त करून कायमचा संपत नाही.

पुढील विवेचन मुख्यतः जावाला धरून आहे. तेथे ही सोय १९९७ मधील जेडीके (जावाचा विकाससंच) १.१ पासून उपलब्ध आहे आणि एका ओळीत सगळा गेम सेव्ह होतो या मोहाने नवे लोक तिच्याकडे सहज वळतात. पायथन आणि सी शार्प यांतील वेगळेपणा शेवटाकडे सांगितला आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी

खेळाडूने पाठवलेल्या सेव्ह फाइलीची प्रत आधी बाजूला ठेवावी आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. त्यानंतर लोड करणारा कोड उघडून त्यात एक्सेप्शन पकडून गप्प बसणारा रिकामा कॅच ब्लॉक आहे का, ते पाहावे. तो असण्याची शक्यता बरीच मोठी आहे, कारण फाइल नसेल तर नवा गेम सुरू करावा एवढ्याच हेतूने तो लिहिलेला असतो. फाइल आहे पण वाचता येत नाही, हा प्रसंगही त्याच वाटेने जातो, नवा गेम सुरू होतो आणि काही मिनिटांनी ऑटोसेव्ह जुन्या फाइलीवर नवी फाइल लिहून टाकतो. खेळाडूची प्रगती एरवी परत मिळवता आली असती; ती या टप्प्यावर कायमची जाते. म्हणून फाइल नसणे आणि फाइल वाचता न येणे या दोन गोष्टी कोडमध्ये वेगळ्या करणे ही पहिली दुरुस्ती समजावी, आणि दुसऱ्या प्रसंगी ऑटोसेव्ह बंद ठेवून खेळाडूला स्पष्ट संदेश द्यावा.

चाचणीची पद्धतही आधीच ठरवून घ्यावी. सेव्ह केल्यावर गेम पूर्ण बंद करून, नव्याने सुरू करून मगच लोड करावे. स्टॅटिक फील्ड (एकेका ऑब्जेक्टचे नव्हे, तर सबंध क्लासचे) सीरियलायझेशनमध्ये साठवले जात नाहीत. तरीही गेम चालू असताना लोड केल्यास त्यांतील जुनी किंमत मेमरीत शिल्लक असते आणि सर्व काही ठीक चालल्याचा आभास होतो. एकूण गुण किंवा चालू पातळी स्टॅटिक फील्डमध्ये ठेवणाऱ्या गेममध्ये हा दोष हमखास सापडतो.

सेव्ह करतानाच एक्सेप्शन येते

नॉट सीरियलायझेबल एक्सेप्शन हे सर्वांत परिचित लक्षण होय. सेव्हसाठी दिलेल्या ऑब्जेक्टपासून सुरुवात करून त्यातील प्रत्येक संदर्भाचा माग काढत सीरियलायझेशन पुढे जाते. वाटेत सीरियलायझेबल नसलेला, म्हणजे साठवता येईल अशी खूण ज्याच्या क्लासला लावलेली नाही असा, ऑब्जेक्ट लागला की ते थांबते. खेळाडूकडे सामानाची पिशवी, पिशवीकडे बदल कळवण्यासाठी लावलेला लिसनर, लिसनरकडे पडद्यावरची खिडकी, खिडकीकडे चित्रे आणि थ्रेड (समांतर चालणारी कामे), अशी ही साखळी कुठवर जाईल याचा अंदाज कोड वाचून सहसा येत नाही. संदेशात दोषी क्लासचे नाव असते, पण तेथवर कसे पोहोचलो हे नसते. गेम सुरू करताना जेव्हीएमला (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेला) ‘सन.आयओ.सीरियलायझेशन.एक्सटेंडेडडीबगइन्फो’ ही प्रॉपर्टी ‘ट्रू’ करून दिली तर संपूर्ण माग फील्डच्या नावांसह छापला जातो. एवढ्या एका गोष्टीने बराच वेळ वाचतो आणि तरी ती फार कमी जणांना ठाऊक असते.

येथे सर्वांत सोपी आणि सर्वांत चुकीची दुरुस्ती म्हणजे संदेशात ज्या क्लासचे नाव येईल त्याला सीरियलायझेबल करत सुटणे. एक्सेप्शन थांबते, पण मेनू, अॅनिमेशन आणि ध्वनी यांचा पसाराही सेव्ह फाइलीत शिरतो आणि यापुढे मेनूच्या क्लासमध्ये केलेला बदलसुद्धा जुन्या सेव्ह मोडू शकतो. स्विंगच्या (जावातील खिडक्या-बटणांच्या संचाच्या) बाबतीत तर एक्सेप्शन येईलच असे नाही, कारण स्विंगचे घटक मुळातच सीरियलायझेबल आहेत. चुकून धरलेल्या एका संदर्भामुळे सबंध खिडकी निमूटपणे फाइलीत जाऊन बसते. म्हणून फाइलीच्या आकाराकडे लक्ष ठेवावे. दहा-वीस किलोबाइटमध्ये मावेल अशी स्थिती काही मेगाबाइट जागा घेत असेल तर नको ते काहीतरी आत शिरलेले असते. नामरहित इनर क्लास हे याचे नेहमीचे उगमस्थान, कारण स्टॅटिक नसलेला इनर क्लास आपल्या बाहेरील ऑब्जेक्टचा संदर्भ सोबत बाळगतो आणि तो कोडमध्ये कोठेही लिहिलेला दिसत नाही.

योग्य उपाय म्हणजे गेमच्या स्थितीचा भाग नसलेली फील्ड ट्रान्झियंट, म्हणजे साठवताना वगळण्याजोगी, करणे. त्यानंतर मात्र लोड झाल्यावर त्या फील्डमध्ये नल (कोणताच ऑब्जेक्ट नाही) असते आणि पहिल्याच फ्रेमला नल पॉइंटर एक्सेप्शन येते. फील्डच्या घोषणेपाशीच नवी किंमत दिलेली असताना नल कसे, असा प्रश्न येथे पडतो. सीरियलायझेबल क्लासचा ऑब्जेक्ट परत उभा करताना त्याचा कन्स्ट्रक्टर चालत नाही, आणि घोषणेपाशी दिलेल्या किमती कन्स्ट्रक्टरसोबतच भरल्या जात असल्याने त्याही भरल्या जात नाहीत. अशी फील्ड खासगी रीडऑब्जेक्ट मेथडमध्ये, आधी डीफॉल्टरीडऑब्जेक्ट चालवून, नंतर स्वतः भरावी लागतात.

स्टॅक ओव्हरफ्लो एरर आल्यास कारण वेगळे असते. नकाशाचा प्रत्येक चौकोन आपल्या शेजारच्या चौकोनांचे संदर्भ धरून असेल, तर सीरियलायझेशन एका चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असे खोल खोल उतरत जाते. २०० बाय २०० च्या नकाशात ४०,००० चौकोन असतात आणि तेवढ्या खोलीची पुनरावर्ती हाक नेहमीच्या स्टॅकला (मेथडच्या हाका नोंदणाऱ्या मर्यादित मेमरीला) पेलत नाही. लहान नकाशावर चाचणी केली असेल तर हा दोष दिसतच नाही. स्टॅकचा आकार वाढवणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. शेजाऱ्यांचे संदर्भ ट्रान्झियंट करून लोड झाल्यावर निर्देशांकांवरून ते पुन्हा जोडणे हाच उपाय टिकतो.

नॉट सीरियलायझेबल आणि स्टॅक ओव्हरफ्लो या दोन्ही प्रसंगांत एक उपद्रव समान आहे. फाइल लिहिण्यासाठी उघडताक्षणीच जुना मजकूर पुसला जातो, आणि अर्ध्यावर एक्सेप्शन आले की जुनी सेव्ह गेलेली आणि नवी अपुरी, अशी अवस्था होते. म्हणून सर्व काही आधी मेमरीतील बाइट अॅरेमध्ये लिहावे, ते यशस्वी झाले तर त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाइलीत उतरवून डिस्कपर्यंत पोहोचल्याची खात्री करावी, आणि मग अॅटॉमिक मूव्ह वापरून तिला मूळ नाव द्यावे. आधीची फाइल त्यापूर्वी दुसऱ्या नावाने राखून ठेवल्यास आणखी बरे.

लोड करताना एक्सेप्शन येते

इनव्हॅलिड क्लास एक्सेप्शनच्या संदेशात दोन लांबलचक आकडे असतात: एक फाइलीतील क्लासचा सीरियल व्हर्जन यूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा ओळखआकडा) आणि दुसरा सध्याच्या क्लासचा. क्लासमध्ये हा आकडा स्वतः लिहिलेला नसेल तर जावा तो क्लासचे नाव, इंटरफेस, फील्ड आणि खासगी नसलेल्या मेथड यांच्यावरून काढते. त्यामुळे एखादी निरुपद्रवी पब्लिक मेथड वाढवली, फील्डला हातही लावला नाही, तरी आकडा बदलतो आणि सगळ्या जुन्या सेव्ह नाकारल्या जातात.

आवृत्ती प्रसिद्ध होऊन गेली असेल आणि खेळाडूंच्या फाइली अडकल्या असतील, तरीही मार्ग आहे. संदेशात फाइलीतील क्लासचा म्हणून जो आकडा छापलेला आहे, तोच नव्या क्लासमध्ये सीरियल व्हर्जन यूआयडी म्हणून लिहावा. बदल सुसंगत स्वरूपाचा असेल, म्हणजे फील्ड वाढवले किंवा काढले इतकेच झाले असेल, तर जुन्या फाइली पुन्हा उघडतात. जेडीकेसोबत येणारे सीरियलव्हर हे साधनही जुन्या संकलित क्लासवरून तोच आकडा काढून देते. येथे घाईने ‘१’ लिहून मोकळे होऊ नये. ‘१’ हा आकडा पहिल्या आवृत्तीपासून लिहिलेला असेल तरच उपयोगी पडतो.

आकडा लिहिल्याने तपासणी थांबते, रचना आपोआप जुळत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. नव्या आवृत्तीत ‘कमाल दम’ असे फील्ड वाढवले आणि त्याला घोषणेपाशी १०० ही किंमत दिली, तर जुन्या फाइलीत ते फील्ड नसल्याने लोडनंतर त्यात शून्य येते. दमाची टक्केवारी काढताना शून्याने भागाकार होतो आणि दोष सेव्हपासून दूर, चित्र रंगवणाऱ्या कोडमध्ये प्रकट होतो. फील्डचे नाव बदलणे हे त्याहून फसवे आहे: जुन्या नावाची किंमत टाकून दिली जाते, नव्या नावात शून्य किंवा नल येते आणि कोणतेही एक्सेप्शन येत नाही. उलट इंटचे लाँग केले तर लोड सरळ नाकारले जाते, आणि मला तो प्रकार अधिक प्रामाणिक वाटतो. क्लासचे नाव किंवा पॅकेज बदलल्यास क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन येते. ऑब्जेक्टइनपुटस्ट्रीमचा (फाइलीतून ऑब्जेक्ट वाचणाऱ्या क्लासचा) उपक्लास करून, फक्त पॅकेज बदलले असेल तर रिझॉल्व्हक्लास मेथडमध्ये आणि क्लासचे नावच बदलले असेल तर रीडक्लासडिस्क्रिप्टर मेथडमध्ये, जुन्या नावाची नव्याशी जोडी लावावी लागते. नावे बदलून कोड नीटनेटका करणाऱ्या आयडीईला (कोड लिहिण्याच्या साधनाला) सेव्ह फाइलींची काहीच कल्पना नसते. एनमची (ठरावीक नावांच्या यादीची) नोंद नावाने होते, म्हणून त्यातील क्रम बदलला तरी चालतो. एखादे नाव काढले किंवा बदलले तर ते वापरणारी फाइल उघडत नाही.

स्ट्रीम करप्टेड एक्सेप्शन आणि त्यासोबत ‘इनव्हॅलिड टाइप कोड: एसी’ असा संदेश दिसला तर फाइल बिघडली असे समजू नये. प्रत्येक नवा ऑब्जेक्टआउटपुटस्ट्रीम सुरुवातीला चार बाइटचे शीर्षक लिहितो व त्यातील पहिला बाइट हेक्समध्ये ‘एसी’ असतो. जुन्या फाइलीच्या शेवटी भर घालण्यासाठी नवा स्ट्रीम उघडला की हेच शीर्षक फाइलीच्या मध्यभागी येऊन पडते. एका फाइलीत अनेक सेव्ह ठेवण्याचा मोह टाळून प्रत्येक सेव्हची वेगळी फाइल केली की हा प्रश्न संपतो.

एक्सेप्शन येत नाही, पण गेम बिघडलेला असतो

खरा त्रास या वर्गाचा असतो, कारण येथे माग काढण्यासाठी संदेशच नसतो.

पहिला प्रकार वारशाचा. स्थान आणि शक्ती ही फील्ड ‘सजीव’ नावाच्या मूळ क्लासमध्ये आहेत, ‘खेळाडू’ त्याचा उपक्लास आहे आणि सीरियलायझेबल हे फक्त ‘खेळाडू’ला लावले आहे, अशी रचना सर्रास दिसते. सीरियलायझेबल नसलेल्या मूळ क्लासची फील्ड फाइलीत जातच नाहीत. लोड करताना त्या मूळ क्लासचा विनाआर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर चालतो आणि स्थान शून्य-शून्य होते; खेळाडू नकाशाच्या कोपऱ्यात सापडतो तो यामुळे. तसा कन्स्ट्रक्टर नसेल तर सेव्ह निर्वेध होते आणि लोड मात्र फसते, म्हणजे दोष कळेपर्यंत निरुपयोगी फाइली साचलेल्या असतात.

दुसरा प्रकार ऑब्जेक्टच्या ओळखीचा, म्हणजे तो तोच आहे की त्याची प्रत याचा. ‘रिकामा हात’ दाखवण्यासाठी एकच सामाईक ऑब्जेक्ट ठेवून त्याच्याशी दुहेरी बरोबरचिन्हाने तुलना केली असेल, तर लोडनंतर फाइलीतून त्याची दुसरी प्रत तयार होते आणि तुलना चुकते. रीडरिझॉल्व्ह मेथडमधून मूळ ऑब्जेक्ट परत देणे किंवा अशा खुणांसाठी एनम वापरणे हे उपाय आहेत. याच प्रकाराचे मोठे रूप म्हणजे खेळाडू एका फाइलीत आणि जग दुसऱ्या फाइलीत साठवणे. एकाच स्ट्रीममध्ये सामाईक संदर्भ सामाईक राहतात, दोन स्ट्रीममध्ये त्यांच्या दोन प्रती होतात. मग खेळाडू जे दार उघडतो ते त्याच्या खोलीच्या प्रतीतले असते आणि पडद्यावरचे दार बंदच राहते.

तिसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. स्ट्रीम उघडा ठेवून त्यात तोच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा लिहिणारा ऑटोसेव्ह दुसऱ्या वेळेपासून फक्त ‘हा आधी लिहिलेला आहे’ अशी खूण लिहितो आणि मधल्या काळात बदललेल्या किमती फाइलीत येत नाहीत. प्रत्येक सेव्हला नवा स्ट्रीम वापरावा. ते शक्य नसेल तर लिहिण्यापूर्वी रीसेट बोलवावे.

वेळेचा प्रश्न गेमच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. एखादे कौशल्य पुन्हा केव्हा वापरता येईल हे नॅनोटाइमच्या (जावाच्या नॅनोसेकंद मोजणाऱ्या घड्याळाच्या) निरपेक्ष आकड्यात ठेवले तर ते सेव्हमध्ये जसेच्या तसे जाते. नॅनोटाइमचा आरंभबिंदू मात्र जेव्हीएमच्या प्रत्येक धावेत वेगळा असू शकतो, त्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते कौशल्य तत्काळ उपलब्ध होते किंवा कित्येक तास होतच नाही. फाइलीत उरलेला अवधी लिहावा आणि लोड करताना त्यावरून नवी वेळ काढावी.

सेव्ह वेगळ्या थ्रेडवर होत असेल तर आणखी एक धोका असतो. गेम चालू असताना अॅरेलिस्टमध्ये भर पडली तर ती लिहिताना कॉन्करंट मॉडिफिकेशन एक्सेप्शन येऊ शकते, आणि ते येणे हे नशीबच म्हणावे. ते न येता तलवार जमिनीवरही आणि पिशवीतही नोंदली गेली तर खेळाडूला दोन तलवारी मिळतात. गेमच्या एका फेरीच्या शेवटी, मुख्य थ्रेडवरच, स्थितीची प्रत काढावी. डिस्कवर लिहिण्याचे संथ काम तेवढे दुसऱ्या थ्रेडला द्यावे.

इतर भाषांत

पायथनमधील पिकल ही सीरियलायझेशनची सोय क्लासचा शोध मॉड्यूलच्या मार्गावरून घेते, त्यामुळे मुख्य फाइलीतील क्लास वेगळ्या मॉड्यूलमध्ये हलवला की जुन्या सेव्ह उघडत नाहीत. इनिट मेथड तेथेही चालत नाही. सी शार्पमधील याच कामाचा बायनरीफॉर्मॅटर जुन्या धड्यांत सर्वत्र दिसतो, पण तो डॉट नेट ५ पासून कालबाह्य ठरवला गेला आणि २०२४ च्या डॉट नेट ९ मध्ये त्याची अंमलबजावणी काढून टाकण्यात आली, म्हणून नव्या कामात तो घेऊच नये. युनिटी या गेम इंजिनातील जेसनयुटिलिटी डिक्शनरी गुपचूप वगळते, एनमची किंमत आकड्यात लिहिते आणि युनिटीच्या ऑब्जेक्टचे संदर्भ इन्स्टन्स आयडीच्या रूपात साठवते. तो आयडी त्या सत्रापुरताच खरा असतो.

खेळाडू एकमेकांना सेव्ह फाइली देतात, हे गृहीत धरावे. पिकलची फाइल लोड करणे म्हणजे तिच्यातील सूचना चालवणेच होय, आणि जावातही ऑब्जेक्ट पूर्ण उभा राहिल्यानंतर प्रकाराची तपासणी होते, तोवर घातक कोड चालून गेलेला असू शकतो. जावा ९ पासून उपलब्ध असलेले ऑब्जेक्टइनपुटफिल्टर लावून आपल्याच क्लासना परवानगी देता येते. तो किमान बंदोबस्त आहे.

टिकाऊ रचना आणि जुन्या फाइलींचे स्थलांतर

छोटा, एकाच आवृत्तीत संपणारा गेम असेल तर वरील दुरुस्त्या पुरेशा आहेत. ज्या गेमला पुढेही आवृत्त्या येणार आहेत, त्यात गेमचे क्लास आणि सेव्हचे क्लास वेगळे करणे अटळ आहे. सेव्हच्या क्लासमध्ये केवळ आकडे, मजकूर आणि याद्या असाव्यात, वस्तूंचा उल्लेख संदर्भाने न करता स्थिर ओळखक्रमांकाने असावा, आणि फाइलीत सर्वांत आधी आपण स्वतः ठरवलेला आवृत्तिक्रमांक असावा. मग जेसन हे मजकुरी स्वरूप वापरले काय किंवा स्वतःचे बायनरी स्वरूप वापरले काय, फारसा फरक पडत नाही. रूपांतर नेहमी एकेक पायरीने करावे: पहिल्या आवृत्तीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. थेट उड्या मारणारे रूपांतर लिहिले तर प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत त्या उड्यांची संख्या वाढते आणि त्यांची चाचणी कोणी करत नाही. प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक आवृत्तीची एक खरी सेव्ह फाइल, शक्यतो अर्धा गेम खेळून झालेली, कोडसोबत जपून ठेवावी आणि प्रत्येक बिल्डमध्ये ती लोड करून पाहावी.

सीरियलायझेशनने लिहिलेल्या जुन्या फाइली नव्या स्वरूपात आणण्यासाठी जुने क्लास त्यांच्या मूळ पॅकेजसह आणि मूळ सीरियल व्हर्जन यूआयडीसह एका वेगळ्या मॉड्यूलमध्ये गोठवून ठेवावेत आणि त्यांचा उपयोग फक्त वाचनासाठी करावा. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे पहिल्या दोन बाइटवरून कळते: ‘एसी’ आणि ‘ईडी’ आढळल्यास जुन्या वाचकाकडे पाठवावी, अन्यथा नव्याकडे. रूपांतर झाल्यावर खेळाडूचे स्थान नकाशाच्या आत आहे का, शक्ती शून्याहून अधिक आहे का, पिशवीतील प्रत्येक ओळखक्रमांक अस्तित्वात आहे का, हे तपासावे आणि मगच नवी फाइल लिहावी. जुनी फाइल न पुसता नाव बदलून त्याच फोल्डरमध्ये राहू द्यावी, कारण रूपांतरातील चूक पुढच्या आवृत्तीत सापडली तर दुरुस्त रूपांतर पुन्हा चालवण्यासाठी तीच लागते.